चारशे सतरा नंबरचा कोट

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाचं नाव कुणी लिहीत नाही, नंबर लिहितात. मापाच्या चिठ्ठीचे दोन भाग असतात, दोन्हींवर एकच नंबर छापलेला. एक भाग कापडाला टाचायचा, दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. अर्धी चिठ्ठी आणून दाखवली की कपडा मिळतो. त्यामुळे मला नावं येत नाहीत आणि चेहऱ्यांचाही गोंधळ होतो. मापं मात्र डोक्यात पक्की बसतात. रस्त्यात कुणी हसून बोललं की मी आपली गुळमुळीत हसते, आणि ती बाई पाठमोरी झाली की आठवतं, अगंबाई, ही तर पाठ पंधरा, डावी बाही पाव इंच लांब!

दुकान आम्हा दोघी जावांचं. थोरल्या जाऊबाई कापतात, मी मापं घेते आणि शिवते. शिवाय मी कादंबरी लिहिते. हे वाक्य लिहितानाही मान आपोआप खाली जाते. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण वाचनालयातल्या पानं गळालेल्या पुस्तकांवर झालं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर, कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारून मी लिहायला बसते. अशी अकरा वर्षं झाली होती. दर एकतीस डिसेंबरला मशीनसमोरच्या नव्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीने तीच ओळ लिहायची : या वर्षी कादंबरी पूर्ण.

नवरा म्हणायचा, “रबरी शिक्का करून घे ना. पेन्सिल तरी वाचेल.”

माझी अडचण अशी होती की कादंबरीतली बाई माझ्यापुढे उभीच राहत नव्हती. घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचणारी, एकटी राहणारी बाई. बोलायची बरी, पण तिला अंगच नव्हतं. मग एका सकाळी मला सुचलं ते मला येत होतं म्हणूनच सुचलं. मी दुकानातली मापाची चिठ्ठी घेतली आणि तिचं माप लिहिलं. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, पाठ साडेचौदा. वर्षानुवर्षं जड पिशवी अडकवून उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला. खाली लिहिलं, राखाडी लोकरी कोट, आत लाल अस्तर. आणि काय सांगू, त्या दिवसापासून ती उभी राहिली, चालली, जिने चढली. चिठ्ठीचा अर्धा भाग मी वहीत खुणेला ठेवला. कडेला चहाचा ओघळ पडला होता, तोही तसाच वाळला. दुसरा अर्धा टेबलावरच राहिला.

त्याच संध्याकाळी मला ताप भरला. आठ दिवसांनी दुकानात आले तर खुंटीवर एक राखाडी कोट लटकत होता. आत लाल अस्तर.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

“मला काय विचारतेस? चिठ्ठी तुझ्या अक्षरातली,” जाऊबाई म्हणाल्या. “चारशे सतरा. कापड दिलेलं दिसेना, म्हटलं घाईत विसरली असशील. तुझ्या कोटाच्या ठाणातलं राखाडी उरलं होतं ना, त्यातच बसवला. शिवलाही मीच, तू लोळत पडली होतीस तेव्हा. आता उपकार मान आणि चहा टाक.”

खरं सांगायची सोय नव्हती. वहीतल्या बाईसाठी दुकानातलं चांगलं कापड गेलं हे कळतं तर त्यांनी मलाच कापलं असतं. मी म्हटलं, येईल न्यायला.

कोट वर्षभर लटकत होता. आमचा नियम आहे, न नेलेले कपडे एकतीस डिसेंबरला खाली काढायचे आणि ज्याला होतील त्याला देऊन टाकायचे. गेल्या एकतीसला दुपारी जाऊबाईंनी काठीने कोट खाली काढला, झटकला आणि म्हणाल्या, “ही चारशे सतरा मेली की काय?”

तेवढ्यात पायरीवर पावलं वाजली.

आलेली बाई पस्तिशीची असेल. उजव्या खांद्यावर पिशवी. तिने टेबलावर अर्धी चिठ्ठी ठेवली. नंबर चारशे सतरा. कडेला चहाचा ओघळ.

“फार उशीर केलात हो,” जाऊबाई म्हणाल्या. “घालून बघा, कमी-जास्त असेल तर आत्ताच सांगा.”

तिने कोट घातला. मला शिवणकामात तीस वर्षं झाली. घरच्या माणसाचा कोटही पहिल्या खेपेला असा बसत नाही. उजवा खांदा जिथे उतरायला हवा तिथेच उतरला होता, एक सुरकुती नाही. जाऊबाई कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती फिरल्या. “बघ! याला म्हणतात कापणं!” त्या मला म्हणाल्या.

मी विचारलं, “तुम्ही काय करता?”

“मीटर वाचते,” ती म्हणाली. “पिशवीने खांदा उतरलाय बघा. पण तुम्ही बरोबर धरलात.”

“मी तुमचं माप कधी घेतलं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं विसरभोळ्या म्हाताऱ्यांकडे पाहतात. “घेतलंत की,” म्हणाली आणि गेली.

मी वही उघडली. दोनशे दहाव्या पानावर खूण नव्हती. पान पान झटकलं, टेबलाखाली वाकले, मशीनमागे पाहिलं. नव्हती. मग पेन्सिल घेऊन कॅलेंडरवर नेहमीची ओळ लिहिली, आणि या वेळी अक्षर वाकडं आलं.

त्या वर्षी ती ओळ खरी ठरायचा योगही होता. आमच्याकडे पँट आखूड करायला येणाऱ्या एक बाई पुस्तकांच्या संपादक निघाल्या होत्या. त्यांना मी, टाचण्या तोंडात धरून, सगळी गोष्ट सांगितली होती. बाई आजारी पडते, झिजत जाते आणि शेवटच्या पानावर आपल्या खोलीतला मीटर फिरायचा थांबताना बघत जाते. त्या आरशासमोरून वळल्याच. “हा शेवट अजिबात बदलू नका,” म्हणाल्या. “फेब्रुवारीअखेर पूर्ण करून द्या. मी स्वतः वाचते.” अकरा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्या पँटला दुहेरी टीप मारली.

तर, जानेवारीत मी आजारपण लिहायला घेतलं. ते मला सोपं गेलं. सासूबाईंचं केलं, आईचं केलं, धाकट्या बहिणीचं केलं. माणूस कसं कसं सैल होत जातं हे मी इंचात सांगू शकते. पहिल्या आठवड्यात लिहिलं, तिचं जेवणावरचं मन उडालं. शनिवारी दुपारी चारशे सतरा दारात.

“कमरेत सैल झालाय,” ती म्हणाली. “दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच घ्याल?”

दुसऱ्या आठवड्यात लिहिलं की तिसऱ्या पायरीवर तिला कठडा धरून थांबावं लागलं. आमच्या दुकानाला तीनच पायऱ्या आहेत. शनिवारी मी आतून बघत होते. ती तिसरीवर थांबली, कठडा धरला, मान खाली घातली. मी लिहिलं होतं तितकाच वेळ.

“पोट बिघडलंय का हो?” जाऊबाईंनी तिला विचारलं. “अशा सुकत चाललात!”

“कळत नाही. कशाने होतंय तेच कळत नाही,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं.

तरी मी स्वतःला समजावत होते. योगायोग असतात, हिवाळ्यात माणसं सुकतात. मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. एका शनिवारी सकाळी, मुद्दाम, गोष्टीला काही गरज नसताना, मी लिहिलं की डबा उघडताना तिचा डावा अंगठा कापला. दुपारी ती आली ती डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळूनच. चिंधी ओली लाल होती.

“डब्याचं झाकण लागलं,” ती म्हणाली. “रोजचाच डबा. आजच काय झालं कुणास ठाऊक.”

खात्री करून घ्यायला म्हणून मी बाईचा अंगठा कापला होता! मी आत जाऊन कापूस आणला, तिचा अंगठा धुतला, बांधला. हात गार होता, पण हात होता. नाडी लागत होती. बांधता बांधता मी मनात म्हटलं, बये, तुझा शेवट मी वीस पानांवर आणून ठेवलाय.

आता तुम्ही म्हणाल, मग लिहायचं थांबायचं. थांबले की. दहा दिवस वहीला हात लावला नाही. त्याने ती बरी झाली नाही. जिथे सोडली होती तिथेच राहिली, तिसऱ्या पायरीवर, कठडा धरून. दोन शनिवार ती तशीच आली, तीच वाक्यं बोलली, अंगठ्यावरची चिंधी तशीच ओली. ते बघणं जास्त वाईट होतं.

मग तिला बरं करायला घेतलं. चार पानं झरझर लिहिली. नवे डॉक्टर आले, गोळ्या लागू पडल्या, भूक लागली, गालांवर रंग चढला. मला वाटलं, सुटले. शनिवारी ती आली. कोट अंगावर गोणपाटासारखा लोंबत होता.

“डॉक्टर म्हणतात, आता तुम्ही बऱ्या आहात,” ती म्हणाली. स्वर असा, की आपलीच काहीतरी चूक होतेय. “गालांवर रंग आलाय म्हणतात. आलाय का हो?”

नव्हता आला. ती पानं मी पुन्हा वाचली आणि कळलं. सगळं खोटं होतं. मला माहीत नसलेलं, दुसरीकडून उचललेलं, लवकर संपवायला लिहिलेलं. खोटं लिहिलेलं तिच्या अंगाला लागत नव्हतं. झिजणं लागलं, कारण झिजणं मला ठाऊक होतं. बरं होणं मी कधी कुणाचं जवळून बघितलेलंच नव्हतं.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा उरला. संपादक बाईंचा निरोप आला, “वाट बघतेय. शेवट लक्षात आहे ना?” तो शेवट मला डोळे मिटून लिहिता आला असता. एका सकाळचं काम. तो खरा उतरला असता, चांगला उतरला असता, आणि अकरा वर्षांची ओळ पुसून टाकता आली असती. मी पेन उघडून बसलेही होते. समोर खुंटीवर दुरुस्तीला ठेवलेला तिचा कोट. एक बाही किंचित पुढे आलेली, जसा कुणी हात पुढे करतं.

तेव्हा वाटलं, बरं होणं मी बघितलं नाही असं कसं? बघितलंय. कपड्यात बघितलंय. बाळंतिणी, आजारातून उठलेले, दुःखातून बाहेर आलेले, सगळे एके दिवशी येतात आणि जरा ओशाळून म्हणतात, “बाई, जरा दाटतंय, उसवून द्या.” आम्ही शिवणीच्या आत कापड राखून ठेवतो, त्याला माया म्हणतात. ती त्या दिवसासाठीच असते.

मी तेवढंच लिहायचं ठरवलं. एक शिवणारी बाई, एक कोट, एक दुपार. ब्लेडने टाका टाका उसवणं, जुन्या शिवणीची फिकी रेघ, तिच्यावर इस्त्रीची वाफ. लिहिण्याआधी खात्रीसाठी कोट उलटा केला, तर आत माया नव्हतीच.

“जाऊबाई! चारशे सतराची माया कुठे गेली?”

“छाटली. तीनदा आत घेतल्यावर बाजू गुबगुबीत दिसत होत्या,” त्या म्हणाल्या. “त्या बाईला आता परत काही तो दाटायचा नाही, बघवत नाही मला तिच्याकडे.” आणि नाक पुसत आत गेल्या.

ठाण संपलेलं. तसलं राखाडी कापड गावात एकाच ठिकाणी होतं : माझ्या स्वतःच्या कोटात. मग काय, मी असते तर जे केलं असतं तेच लिहिलं. शिवणारी बाई आपला कोट काढते, उलटा करते, दोन्ही बाजूंची माया उसवते, पट्ट्या कापते आणि त्या दुसरीच्या कोटाला काखेपासून खालपर्यंत जोडते. एक शब्द वाढवला नाही. शेवटचं वाक्य लिहून झालं तेव्हा दुकान उघडायला पाच मिनिटं होती.

शनिवारी ती आली. तिसऱ्या पायरीवर थांबली नाही. अंगठ्याला चिंधी नव्हती, पांढरी रेघ होती. खुंटीवरचा कोट तिने घालून बघितला. “हसू नका हं,” ती म्हणाली, “पण कमरेत दाटतोय.”

मी लिहिल्याप्रमाणे माझा कोट काढला, उलटा केला आणि कात्री हातात घेतली. ती शेजारी उभी राहून बघत होती. इतकं लक्ष देऊन माझं काम आजवर कुणी बघितलं नव्हतं.

हस्तलिखित वेळेत गेलं. संपादक बाईंनी महिन्याने बोलावलं. “शेवट बदललात,” त्या म्हणाल्या. “मी रागावणार होते. पण ते उसवणं वाचताना मी श्वास धरून बसले हो. छापू या. नव्या वर्षात पुस्तक काढू.” मी रडले, हे वेगळं सांगायला नको. निघताना त्यांनी चष्मा काढला. “एकच प्रश्न. त्या शिवणाऱ्या बाईचं पुढे काय होतं?”

“तिचं काय व्हायचंय?” मी म्हटलं. “शिवत असते.”

“हं,” त्या म्हणाल्या. “मला तिचीच जास्त काळजी वाटली.”

घरी सगळ्यांनी कौतुक केलं. नवऱ्याने कॅलेंडरवरची ओळ स्वतः खोडली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नोव्हेंबरात थंडी पडली तेव्हा मी माझा कोट काढला. दोन्ही बाजूंची माया काढून घेतलेला कोट घट्ट तरी व्हावा किंवा जेमतेम बसावा. तो सैल होता. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच.

मी कुणाला बोलले नाही. आत घेतला. डिसेंबरात पुन्हा घेतला. जाऊबाईंनी एकदा टेबलापलीकडून बराच वेळ बघितलं. “तू जेवतेस ना गं?” म्हणाल्या. मी म्हटलं, जेवते. मागच्या आठवड्यात तिसऱ्या पायरीवर मला कठडा धरावा लागला. इतकी वर्षं चढतेय, कठड्याचा पत्रा किती गार असतो हे त्या दिवशी कळलं.

आज एकतीस डिसेंबर. दुपारी जाऊबाई न नेलेले कपडे घेऊन वाटायला गेल्या होत्या. मी एकटीच काज करत होते. चारशे सतरा आली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. भरलेली, गालांवर रंग, कोट अंगाला नीट बसलेला. काहीच दुरुस्त करायचं नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली आणि मला न्याहाळलं. गळ्यापासून कमरेपर्यंत, सावकाश, जशी मी गिऱ्हाइकाला न्याहाळते.

“जरा नीट उभ्या राहा बरं,” ती म्हणाली.

मी उभी राहिले. माझ्या गळ्यातला टेप तिने काढून घेतला. छाती, कंबर, पाठ. हात सराईत होते. माझ्याकडूनच बघून शिकली असणार. “डावा खांदा पाव इंच खाली,” ती पुटपुटली, “मशीनवर वाकून वाकून.” हे मला माझ्या बाबतीत ठाऊक नव्हतं. मग तिने टेबलावरची चिठ्ठ्यांची वही ओढली, मापं लिहिली, चिठ्ठी मधून फाडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

“जपा,” म्हणाली. “न्यायला यायचं हं. लोक उगाच वर्ष वर्ष येत नाहीत.”

दुसरा अर्धा ठेवायला तिने पिशवीतून वही काढली. मीटरची नोंदवही नव्हती ती. जाडजूड होती, पानं फुगलेली, कडा मळलेल्या. तसली वही मी कुठेही ओळखेन.

“कधी लिहिता?” मी विचारलं.

“सकाळी. कामाला जायच्या आधी तासभर.” ती लाजली. कानापर्यंत लाल झाली. “सांगू नका कुणाला. मला काही फारसं येत नाही. शाळाही धड झाली नाही. पण नव्या वर्षात पूर्ण करायची आहे.”

“आणि शेवट? ठरलाय?”

तिने वही छातीशी धरली.

“ठरला होता,” ती म्हणाली. “चांगला होता. एका बाईंना सांगितला, त्यांना फार आवडला.” मग माझ्या सैल कॉलरकडे बघून तिने हात पुढे केला आणि ती सरळ केली. “पण बघते.”

ती पायऱ्या उतरून गेली. पाठमोरी, उजवा खांदा अर्धा इंच खाली. मी हाक मारणार होते. सांगणार होते की घाई करू नकोस, जे ठाऊक नाही ते उचलून आणू नकोस, चांगलं व्हावं म्हणून खोटं लिहू नकोस, ते अंगाला लागत नाही. पण लिहिणाऱ्याला बाहेरून कुणी सांगून काही उपयोग होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत.

जाऊबाई परत आल्या तेव्हा मी नव्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहीत होते. “आता काय मागतेस बाई? कादंबरी तर झाली,” म्हणत त्यांनी मान वाकडी करून वाचलं : तिला चांगलं लिहिता येवो.

“तिला म्हणजे कुणाला गं?”

“आहे एक,” मी म्हटलं. “होतकरू आहे.”

“बरी आहे का?”

“अजून कळलेलं नाही.”

त्यांनी चहा टाकायला सांगितला. मी एका हाताने टाकला. अर्धी चिठ्ठी या वेळी मी कुठल्याही पानात खुणेला ठेवलेली नाही. ती मुठीत आहे.